दिव्याभोवतीचं कडं

मदने बाई रिकाम्या खोलीचंही दार वाजवून मगच आत जायच्या. खोली त्यांचीच, कुलूप त्यांनीच काढलेलं, किल्ली अजून हातात, आणि आत चिटपाखरू नाही हे आम्हाला बाहेरूनच ठाऊक. तरी बाई टकटक करणार, जरा कान देणार आणि मग दार ढकलणार. मी कॉलेजात नवा होतो तेव्हा न राहवून विचारलं, "बाई, आत कोण आहे?"

"कुणी न्हाई."

"मग?"

"मग काय? असलं तर?"

यावर माणसानं काय बोलायचं, कपाळ!

मी केमिस्ट्रीचा माणूस. आमच्याकडं काही घडलं की वास येतो, धूर होतो, निदान एखादं पोरगं खोकतं. फिजिक्सवाल्यांचं सगळं गुपचूप. आमचं कॉलेज सांगलीहून माधवनगरला जाताना लागतं. फिजिक्सच्या प्रयोगशाळेच्या टोकाला एक जुनी अडगळीची खोली होती, ती बाईंनी मागून घेतली होती. खिडक्यांना आतून पत्रा ठोकलेला, तीन भिंती काळ्या, एक पांढरी. तो काळा रंग दर दिवाळीच्या सुट्टीत बाई पदर खोचून स्वतः द्यायच्या. सगळे तिला काळी खोली म्हणत. आमचा शिपाई तिथं झाडायला जायचा नाही. "आवं, आपला हात आपल्याला दिसत न्हाई आत," तो सांगायचा, "आन् बाई त्या काळोखातनं म्हणत्यात, ये की, भितोस कशाला." झाडू बाहेर ठेवून पळायचा बिचारा.

बाई वडूजकडच्या. नाव कमल. घर मेंढपाळांचं, वडील पावसाळा सरला की कळप घेऊन बाहेर पडायचे ते महिने महिने रानात. उंच, काटकुळ्या, आवाज खालच्या पट्टीतला. वर्गात पुस्तकी मराठी बोलायला सुरुवात करायच्या आणि विषयात शिरल्या की वडूजवर उतरायच्या. पर्समध्ये कंगवा, आरसा असलं काही नाही. दाढीच्या ब्लेडची पाती कागदात गुंडाळलेली, सुया, काजळी धरलेल्या काचेचे तुकडे, आणि कापडांच्या चिंध्या. चिंध्या कशाला, तर बघायला. माधवनगरची जुनी गिरणी कधीच बंद पडली, पण आसपास यंत्रमाग अजून खडखडतात. बाई तिथून उरलेसुरले तुकडे आणायच्या, डोळ्याला लावायच्या आणि लांबच्या दिव्याकडं बघायच्या.

हे वेड लहानपणचं. रानात तळ पडलेला असताना त्यांनी आईच्या पदराआडून लांब रस्त्यावरच्या मोटारीचा दिवा बघितला, तर त्या एका दिव्याची फुली झाली. उभ्या-आडव्या ओळीत कितीतरी दिवे. पदर तिरका केला की फुलीही तिरकी. आई म्हणाली, बघू नको, असलं बघणं बरं न्हवं. "मग मी काय करणार?" बाई सांगायच्या. "बघतच ऱ्हायले."

एकदा माझ्या बायकोनं त्यांना सांगलीत साडीखरेदीला नेलं. पुन्हा कधी नेलं नाही. दुकानदारानं गादीवर साड्यांचा ढीग मांडला आणि बाई एकेक साडी उलगडून, डोळ्यासमोर ताणून, छताच्या दिव्याकडं बघत बसल्या. बायकोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानदार शेवटी म्हणाला, "ताई, नेसायची हाय का दुर्बीण करायची?" बाईंनी एक साडी परत सारली. "ह्यातला आडवा धागा उभ्यापेक्षा विरळ हाय. एका अंगाचे ठिपके दाटीनं आल्यात बघा." दुकानदारानं खरंच साडी डोळ्याला लावली. मग त्याचा पोऱ्या, मग शेजारच्या गिऱ्हाईक बायका. अर्धा तास धंदा बंद, सगळं दुकान साड्यांतून दिवे बघतंय.

हे झालं हसायचं. काळ्या खोलीत मात्र मला हसू आलं नाही.

एकदा त्यांच्या तासाला मी मागं जाऊन उभा राहिलो. काजळी धरलेल्या काचेवर सुईनं ओढलेली एक उभी रेघ, तिच्यातून लेझरचा लाल किरण पांढऱ्या भिंतीवर. फट उभी, पण भिंतीवरचा उजेड आडवा पसरलेला. मधे ठळक पट्टा आणि दोन्ही अंगांना फिकट होत गेलेले तुकडे. मग त्यांनी ब्लेडच्या दोन पात्यांची फट लावली आणि स्क्रू फिरवत ती बारीक करत नेली. उजेड आक्रसायच्या ऐवजी भिंतीभर रुंद होत गेला. "दाबला की पसरतो," बाई म्हणाल्या. "माणसागत न्हाई. माणूस दाबला की गप बसतो." पोरं हसली.

मग दोन रेघांची काच आली. त्यातली एक रेघ बाईंनी पत्र्याच्या तुकड्यानं झाकून ठेवली. भिंतीवर एकसलग लाल पट्टा. त्यात एका जागी पेन्सिलीनं खूण केली. "हितं उजेड हाय का?"

"हाय, बाई."

"आता दुसरी फट उघडते. आणखी उजेड येणार. मग हितं वाढला पाहिजे का न्हाई?"

पोरं एका सुरात म्हणाली, वाढला पाहिजे. बाईंनी पत्रा काढला. पट्ट्यात काळ्या रेघाच रेघा उमटल्या, आणि खुणेची जागा काळीठिक्कर.

"कोण उठून गेलं हितनं?" बाईंनी हळूच विचारलं.

अंगावर सर्रकन काटा आला माझ्या. मला सगळं समजत होतं. एका लाटेचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर बसला की दोन्ही मिटतात, हे लिहून मी परीक्षेत मार्क घेतलेत. पण उजेडात उजेड घातला आणि काळोख झाला, हे डोळ्यांनी बघणं वेगळं, आणि त्यात तो आवाज. बाईंनी मग पोरांना नीट उलगडून सांगितलं, की उजेड कुठं मरत नाही, शेजारच्या पट्टीत जाऊन बसतो. दोन फटी जवळ आणल्या की पट्ट्या एकमेकींपासून लांब सरकतात, फटी लांब नेल्या की पट्ट्या दाटतात. फटींची संख्या वाढवत गेलं की रेघा बारीक आणि धारदार होतात. पोरं वहीत उतरवून घेत होती. मी दाराजवळ सरकलो होतो.

वर्षाच्या शेवटी बाई पोरांबरोबर एक खेळ खेळायच्या. बाई पांढऱ्या भिंतीकडं तोंड करून उभ्या राहणार. मागं पोरांनी किरणासमोर वाटेल ते धरायचं आणि बाईंनी नुसत्या भिंतीवरून ओळखायचं. गोल भोक असलं की भिंतीवर कड्यांत कडी, चौकोनी असलं की फुली, रुमाल असला की ठिपक्यांच्या ओळी. एकानं तिकोनी भोक पाडून आणलं होतं. त्याची भिंतीवर सहा हातांची चांदणी पडली. पोरांना वाटलं, आता बाई फसल्या, सहा कोपरे म्हणणार. बाई म्हणाल्या, "तीन कोपरं. आन् एक कोपरा नीट कापला न्हाईस, आळशा."

त्या खेळात एका वर्षी विट्याची एक मुलगी पुढं झाली. वडील तिकडं दक्षिणेत सोनं गाळायच्या दुकानात, ही हॉस्टेलवर, आणि त्याच पावसाळ्यात तिची आई गेलेली. तिनं पाकिटातून काहीतरी काढून किरणासमोर ताणून धरलं. भिंतीवर फटीसारखाच आडवा पट्टा आला, तुकड्यातुकड्यांचा.

बाई भिंतीजवळ सरकल्या. "ही फट न्हाई," मग म्हणाल्या. "मधला ठिपका लय ठळक हाय. मधी काहीतरी उभं हाय आन् उजेड दोन्ही अंगांनी येतोय. केस हाय." थोड्या वेळानं म्हणाल्या, "तुकडं लांब लांब पडल्यात. म्हणजे केस बारीक. लय बारीक. दुखण्यातल्या माणसाचा हाय का?"

"आईच्या फणीतला हाय, बाई," मुलगी म्हणाली.

त्या गेलेल्या आईचा एक केस भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल होऊन पसरला होता. मुलीचा हात कापत होता तसा तो पट्टाही कापत होता. बाईंनी दिवा लावला नाही. तो केस त्यांनी दोन चिमट्यांत अलगद अडकवून दिला आणि म्हणाल्या, "तुला पायजे तेवढा वेळ बघ. आमी भायेर थांबतो." आम्ही सगळे बाहेर आलो. आतून हुंदके ऐकू यायला लागले तेव्हा माझेही डोळे भरले, खोटं कशाला सांगू.

व्हरांड्यात बाई मला म्हणाल्या, "दिलीप, केसाएवढी नुसती फट असती, तरी त्या बाजूच्या पट्ट्या अशाच पडल्या असत्या. भिंतीला कळत न्हाई रं, मधी माणूस हाय का माणसाएवढं भोक हाय."

"बाई, चहा घ्या," मी म्हणालो.

त्यानंतरच्या थंडीत ते कड्यांचं सुरू झालं. कॉलेज सुटून आम्ही एसटीच्या थांब्यावर उभे होतो. दिवस मावळलेला, रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागलेले. बाई मान वर करून बघत राहिल्या.

"दिलीप, कडं बघ काय पडलंय!"

"कुठं?"

"दिव्याला. आत निळं, भायेर तांबडं. धुकं पडलंय का रं?"

धुकं नव्हतं. मला साधा दिवा दिसत होता, भोवती किडे. बाईंनी हात लांब करून अंगठ्यानं तो दिवा झाकला, आणि एकदम हसल्या. "गेलं! धुक्यातलं असतं तर दिवा झाकला तरी कडं राहिलं असतं. म्हणजे ते भायेर न्हाईच." मग स्वतःच्या डोळ्याकडं बोट केलं. "हितं हाय."

एवढ्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. लग्न ठरलेल्या पोरीगत चेहरा झालेला. आणि मला, का कुणास ठाऊक, भीती वाटली.

त्या दिवसापासून बाई रोज संध्याकाळी हातात पट्टी लांब धरून त्या कड्याचं माप घ्यायला लागल्या. डोळ्यात काहीतरी बारीक बारीक कणांसारखं साचलंय, त्यातून उजेड येताना कडं पडतं; कण बारीक तेवढं कडं मोठं. म्हणजे कड्यावरून कणांचं माप निघणार. दुसऱ्यांच्या फटी ओळखून ओळखून बाईंना आता स्वतःच्या डोळ्यातली फट सापडली होती! कपाळ ठणकायचं. सुंठ उगाळून कपाळाला लावूनच वर्गावर यायच्या. मी भांडलो. बायकोला त्यांच्या खोलीवर पाठवलं. प्राचार्यांनीही सांगून बघितलं. सांगली-मिरजेत डोळ्याच्या डॉक्टरांचा काय दुष्काळ आहे? पण बाईंचं एकच.

"दाखवते की. पर काळ्या खोलीतनं भायेर आलं की कडं लय ठळक पडतंय. दिवसा उन्हात फिरलं की फिकं. हे असं का, एवढं कळू दे. डॉक्टर थेंब टाकील आन् कडंच घालवील. मग मला कसं कळायचं?"

"बाई, डोळे आहेत ते! भिंत नव्हे!" मी ओरडलो. स्टाफरूममध्ये सगळे बघायला लागले. बाई नुसत्या हसल्या.

मग एका सकाळी काळ्या खोलीपाशी टकटक ऐकू आली, ती लाकडाची नव्हती. मी वळून बघितलं. बाई दाराच्या शेजारची भिंत वाजवत होत्या. वाजवून, कान देऊन, त्यांनी भिंत ढकलली.

त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे. काचबिंदू होता, डोळ्याच्या आतलं पाणी निघून जायची वाट बुजत होती, आत दाब वाढत होता. त्या दाबानं डोळ्याच्या पुढच्या काचेला बारीक सूज यायची आणि तिच्यामुळं कडी दिसायची. अंधारात बाहुली मोठी होते, वाट आणखी बुजते. "अंधाऱ्या खोलीत जास्त वेळ बसणं तुम्हाला सगळ्यात वाईट," डॉक्टर म्हणाले. "आतली शीर गेलीय, ती आता परत येत नाही. ही कडी दिसायला लागली त्याच आठवड्यात आला असता तर..."

बाई मान हलवत होत्या. "म्हणजे काळी खोलीच," म्हणाल्या. "बाहुली मोठी होते म्हणून. बरोबर. बरोबर जुळतंय."

मला बाईंचा त्या वेळी असा संताप आला, की उठून बाहेर गेलो. डोळे गेले त्याचं काही नाही, उत्तर जुळलं याचं समाधान! पण परत येताना गाडीत त्यांनी माझ्या शर्टाची बाही मुठीत धरली, ती घर येईपर्यंत सोडली नाही.

नोकरी सोडून बाई वडूजला भावाच्या घरी गेल्या. भाऊ सैन्यातून निवृत्त होऊन पुण्यात वॉचमन, घरी भावजय, शालन वहिनी. फोन व्हायचे. या उन्हाळ्यात मी जाऊन आलो. गावाबाहेर रानातलं घर, पुढं मोठं अंगण, पश्चिमेला तोंड. तिसऱ्या प्रहराचं ऊन सरळ अंगावर येत होतं आणि त्या उन्हात बाई खुर्चीवर बसलेल्या, डोळे उघडे.

वहिनींनी मला आधी बाजूला घेतलं. "आवं सर, तुमीच सांगा त्यास्नी. ताईंला माणसं दिसत्यात. डोळं गेल्यालं, आन् माणसं दिसत्यात! मी म्हणलं लिंबू उतरून टाकते, तर माझ्यावरच वराडत्यात."

मी बाईंसमोर बसलो. त्यांनी स्वतःच विषय काढला. "शालननं सांगितलं असंल. आधी नुसती जाळी होती. कापडागत, उभं-आडवं. मी म्हणलं, ही कुठली फट? उजेडच न्हाई तर पट्टं कशाचं? मग त्या जाळीत माणसं यायला लागली. बारकी बारकी. रांगेनं जात्यात. बोलत न्हाईत."

"ओळखीची?"

"न्हाई. तेच तर. वळखीची असती तर म्हणलं असतं, आठवण हाय. ह्यातलं एक बी तोंड मी जन्मात बघितलं न्हाई."

डॉक्टरांना त्यांनी फोन केला होता. डोळ्याकडून काही येईनासं झालं की मेंदू आपल्याच मनानं चित्रं काढतो, पुष्कळांना होतं, हे वेड नव्हे, असं डॉक्टर म्हणाले होते. बाईंना ते पटलंही होतं. "पर नुसतं पटून काय करू? पोरांना मी कधी नुसतं पटवून सोडलं न्हाई, दाखवून सोडलं." मग आवाज खाली आला. "मला भ्या वाटतं, दिलीप. डोळं गेलं ते गेलं. पर खरं कुठलं आन् खोटं कुठलं, हे जर कळंनासं झालं, तर मी कोण ऱ्हाईले रं?"

बाईंच्या तोंडून भीती हा शब्द मी पहिल्यांदा ऐकत होतो.

पण त्यांनी त्यावरही तोड काढली होती. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात अजून जरासा उजेड कळत होता. चेहरे नाही, वस्तू नाही, नुसता उजेड आणि सावली. म्हणून त्या रोज या वेळी उन्हाकडं तोंड करून बसायच्या. "जे हाय ते उजेड अडवतं," त्या म्हणाल्या. "शालन गेली की अंधारतं. कोंबडी उडाली तरी कळतं. ती माणसं जात्यात तवा उजेड तसूभर हालत न्हाई. म्हणजे ती न्हाईत. झालं. मग मी निवांत." त्यांनी मला समोरून चालायला लावलं. मी गेलो. "गेलास," त्या म्हणाल्या. मी गुपचूप परत आलो. "आलास." तोंडावर थेट ते काळ्या खोलीतलं हसू. मलाही बरं वाटलं.

वहिनी चहा करायला आत गेल्या. डोक्यावरून घसरला म्हणून मी बाईंच्या मागं जाऊन त्यांचा पदर सारखा करत होतो. अंगण मोकळं होतं. कोंबड्या भिंतीच्या सावलीत पंख पसरून पडलेल्या. आभाळात ढगाचा ठिपका नाही, वारा नाही. आत स्टोव्हचा आवाज येत होता.

बाई एकदम ताठ झाल्या.

"आता कोण गेलं?"

"कुठं, बाई?"

"समोरनं. उजेड अडला. चांगला अडला. हिकडनं तिकडं."

मी बघत होतो. डोळ्याला पाणी येईस्तोवर बघत होतो. समोर नुसतं पांढरं ऊन आणि तापलेली माती. माझ्या मनात आलं, तो शेवटचा कोपराही आता विझायला लागलाय, माझ्यासमोर, या क्षणाला. दुसरं जे काही मनात येऊ बघत होतं, ते मी येऊ दिलं नाही. बाई खुर्चीच्या दांड्या धरून पुढं वाकल्या.

"दिलीप? तू गेलास का रं?"

"मीच गेलो, बाई," मी म्हणालो.

आवाज त्यांच्या पाठीमागून आला होता. तो कुठून आला हे न कळण्याइतक्या बाई बहिऱ्या नव्हत्या. त्यांनी मान सावकाश वळवली, मी जिथं उभा होतो नेमक्या तिथं, आणि काही वेळ तोंड तसंच माझ्याकडं धरून ठेवलं.

"तूच व्हय," त्या म्हणाल्या. "मग बरं."

पुन्हा उन्हाकडं वळल्या, आणि त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले, समोरून जाणाऱ्याला वाट द्यावी तसे.